माती जास्त होती

वारज्याच्या वॉशिंग सेंटरवर
पोरगा चाकांवर पाइप धरतो
आणि मडगार्डमधून धो धो निघतं राजस्थान.
पिवळं, मग तांबूस,
मग तळाची, पेंचच्या रस्त्यावरची काळी ढेकळं.
शेवटचं आधी, पहिलं शेवटी,
सगळा मे महिना वाहत जातो गटाराच्या जाळीकडे.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर.
सीटा काढून भोसरीत पलंग ठोकून घेतले,
शेगडी, बेसिन, साठ लिटरची टाकी,
पडद्यांना माझी विरलेली इरकल.
चालवणार वन्सं.
वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई,
अजून प्रत्येक ब्रेकला आरशात बघून म्हणते,
बसा रे खाली.

यांना प्रवास सोसत नाही.
रोज संध्याकाळी सातला फोन:
कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस?
शिट्टी आमच्याजवळ होती,
रणथंबोरच्या कुंपणाबाहेर तुरीच्या डाळीवर वाजत होती.
वाघ आम्हाला दिसला नाही.
पेंचलाही नाही. तिथे जिप्सीत पुढे बसलेल्यांना
शेपूट दिसली म्हणे.
शेपटीचे एवढे पैसे? वन्सं म्हणाल्या,
आणि गाइड परत येईपर्यंत बोलला नाही.

पोखरणच्या अलीकडे फ्रिजने मान टाकली.
सेहेचाळीस डिग्री.
स्टिअरिंगला ओला पंचा, खिडकीला ओली चादर,
दुपारभर खेजडीच्या टीचभर सावलीत
गाडी पुढे-मागे सरकवत राहिलो.
रात्री टपावर अंथरूण.
चौतीस वर्षांत पहिल्यांदाच
त्या आणि मी एका चादरीखाली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याच म्हणाल्या होत्या,
पाहुण्यांच्या हातावर पाणी घालताना हात आखडते ही,
दुष्काळी गावची ना.
आता त्याच भांड्याने मोजून देत होत्या,
दोघींत एक तांब्या, उद्यापर्यंत.
मी काही बोलले नाही.
त्यांनाही आठवलं असावं.
माझ्या भांड्यात त्यांनी घोटभर जास्त ओतलं.

आमच्याकडे, नान्नजच्या माळाला लागून
हुलग्याचं रान होतं. तिथे माळढोक यायचा.
कोणी थांबून बघतसुद्धा नसे.
म्हशी बघायच्या का थांबून?
आता त्याच्यासाठी इतकं डिझेल.

तिसऱ्या पहाटे दिसला.
एकटाच. लांब, सेवण गवतातून,
मान ताठ, घाई नाही,
अण्णा बांध बघत चालायचे तसा,
हात मागे बांधल्यासारखा.
वन्संनी दुर्बीण माझ्या हातात दिली.
बघ गं, म्हणाल्या,
तुझ्या माहेरचं कुणीतरी आलंय.

मग मला नीट दिसलंच नाही.
भिंगावर धूळ आहे, मी म्हणाले.
त्यांनी पदराने पुसून दिलं.
तेवढ्यात तो गवतात गेला होता.

पोरगा पाइप बंद करतो.
नऊशे. आणि माती जास्त होती,
त्याचे दोनशे वर.
वन्सं पर्सची चेन उघडतच नाहीत.
अरे बाळा, म्हणतात,
माती आमची
आणि दोनशे तुझे?