सावकाश, ई मायनर

पानाच्या डोक्यावर एकच शब्द छापलाय, इटालियन.
सावकाश, म्हणाले बाप्तिस्ता सर.
एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते ते;
सावकाश म्हणजे किती, हे त्यांना विचारायची सोय नाही.
शेजारी आकडा आहे: चौपन्न.
मिनिटाला चौपन्न ठोके.
सरांचा मेट्रोनोम वाडी जंक्शनला पडून मुका झालाय.
चौपन्न तूच शोध, म्हणाले,
तुमच्या पेठेत ठोक्यांना काय तोटा!

तोटा नाहीच.
साखर पेठेत आमच्या भिंतीपलीकडे बारा माग,
टॉवेलचे, मिनिटाला एकशेवीस,
मधे श्वास घ्यायला जागा नाही.
समोर यल्लव्वाची कात्री विडीच्या पानावर,
ती तर हजार भरेपर्यंत मान वर करत नाही.
चौपन्न सापडले गल्लीच्या टोकाला,
बुरा मल्लेशमकाकांच्या खड्डामागावर.
पाय दाबला, धोटा गेला, फणी आली.
पाय दाबला, धोटा आला, फणी आली.
घड्याळ घेऊन उंबऱ्यावर बसले मी:
चौपन्न, त्रेपन्न, चौपन्न,
तंबाखू मळताना शून्य.

सुराचं त्याहून अवघड.
गाणं शिकलेली मैत्रीण म्हणाली, अगं, ही तर आसावरीची माणसं,
गांधार, धैवत, निषाद, तिन्ही कोमल.
सरांनी मान हलवली.
माणसं तीच असतील, घर वेगळं.
इथे षड्जच घर सोडतो,
आठ ओळी परक्याकडे राहून येतो.
आणि एप्रिलमध्ये ते घरही खचतं.
त्रेचाळीस अंशांत तारा सैलावतात,
खुंट्या सुकून घसरतात,
दुपारी दोनला ई मायनर ई मायनर राहत नाही.
मी खिडकीला ओली चादर टांगते, मोरांची.
गजावर राळ कमी,
पलीकडून आलेली रुई जास्त.

मधल्या पानावर सूर उजळतो, मेजर होतो.
तिथे समासात सरांची पेन्सिल, कोकणीत:
हांगा रडूं नाका.
मग रडायचं कुठे, मी विचारलं.
सरांनी पान उलटलं.

पुढे सोळा खाने रिकामे.
म्हणजे माझ्यासाठी रिकामे;
तिथे साठ माणसं वाजवतात, कुठल्याशा थंड देशात.
इथे मी गज हवेत धरून मोजते,
एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार,
आणि त्या साठांच्या जागी बारा माग,
बेसूर, आणि दुपटीहून थोडे जास्त जलद.
दुप्पट असते तर जमवून घेतलं असतं.
तो थोडा जास्तपणाच छळतो.

मंगळवारी अकराव्या खान्यात वीज गेली.
माग एकदम थांबत नाहीत.
आधी एक, मग चार-पाच,
शेवटचा आपल्याच वजनानं अर्धी फेरी मारून.
बारा दोन तीन चार.
यल्लव्वाची कात्री ऐकू आली.
तेरा. चौदा.
कुणीतरी बादली ठेवली.
पंधरा. सोळा.
आणि मी आत शिरले, सगळ्यात खालच्या तारेवर.

नान्ना बाहेर आले.
चाळीस वर्षं जॉबर; कान मागांनी ठेवून घेतले.
त्यांना शांतता कळत नाही,
पंखा थांबलेला कळतो.
जवळ येऊन चेलोच्या कुशीवर तळवा ठेवला,
बेअरिंग तपासायला मागावर ठेवायचे तसा,
आणि म्हणाले,
चौथ्या धाग्याला ताण कमी पडतोय.

खरंच उतरली होती तार.
मी खुंटी पिळायला घेतली.
मेल्लगा, म्हणाले नान्ना,
मी सहा वर्षांची असताना
तुटल्या धाग्याला गाठ मारायला शिकवत होते
त्याच आवाजात, फारच मोठ्यानं,
मेल्लगा, मेल्लगा.
तळवा काढला नाही.
तार जागेवर आली हे माझ्या आधी त्यांना कळलं.

तेवढ्यात वीज आली.
नान्ना पंख्याखाली गेले.
मी गज वर धरला,
पुन्हा एकपासून.