पाचवी ब, तुर्भे

सोमवारी पहिल्या बाकावर एक शिंक पडली.
मंगळवारी ती तिसऱ्या बाकावर होती,
बुधवारी खिडकीपाशी,
शुक्रवारी हजेरीपटावर: बेचाळीसपैकी एकोणीस गैरहजर.
मी फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते.
उदाहरण वर्गातच बसलं होतं,
किंवा बसलं नव्हतं.

दिवाळीनंतर हे दरवर्षीचंच.
घशात फटाक्यांचा धूर, रात्री कंपन्यांकडून येणारा तो वास,
आणि एकेका बाकावर तिघं तिघं, खांद्याला खांदा.
पालक गेटबाहेरच्या पेरूवालीला शिव्या देतात.
ती बिचारी मीठ-तिखट लावताना स्वतःच शिंकते.

आरोग्य खात्याची ताई तक्ता लावून गेली,
वारंवार हात धुवा.
तक्त्यातल्या नळाला पाणी होतं.
आमच्या नळाला अकरा ते साडेबारा.

साबण ठेवला की मधल्या सुट्टीआधी गायब.
मी ओरडले, खिसे तपासायची धमकी दिली.
मग एक दिवस पराग शेलारने, काही न बोलता,
बापाच्या मार्केटातून कांद्याची जाळी आणली,
लाल, पोटाशी उसवलेली.
साबणाचे तुकडे आत कोंबले, वर गाठ मारली
आणि नळाच्या मानेला टांगली.
"आता कुणी नेणार नाय बाई, गाठ माथाड्याची आहे."

जाळी हाताला खरखरते, फेस येतो,
बोटांना जरासा कांद्याचा वास राहतो.
खिचडीच्या आधी त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

किती वेळ चोळायचे हात? घड्याळ कुणाकडे?
म्हटलं, तेराचा पाढा म्हणा,
अडखळत म्हटला की बरोबर पुरतो.
पाठ झाला तशी पोरं भराभर उरकू लागली,
मग सतराचा दिला, मग तेवीसचा.
सध्या एकोणतीसचा चालू आहे.

हर्षाली मढवीला मात्र शंका असते.
"बाई, शर्टाला नाक पुसू नका म्हणता,
आणि शिंक कोपरात म्हणता.
कोपर शर्टातच असतं ना?"
वर्ग हसला. मी विचार केला.
"कोपराने कुणी डबा उघडत नाही," म्हटलं.
तिला पटलं नाही. वहीत मात्र लिहून घेतलं.

जोहरा रोज येत होती.
डोळे लाल, आवाज बसलेला, कपाळ तव्यासारखं.
घरी का नाही थांबलीस गं?
तिने भिंतीकडे बोट केलं:
शंभर टक्के हजेरी, बक्षीस कंपासपेटी.
जूनमध्ये मीच चिकटवलेलं,
सोनेरी कागदाच्या चांदणीसकट.
"आणि अम्मी कंपनीत जाते. घरी कोणी नसतं."

पहिलं कारण मी नखाने खरवडून काढलं,
चांदणीचा अर्धा तुकडा अजून भिंतीला आहे.
दुसऱ्याला माझं नख पुरलं नाही.
तिला स्टाफरूममध्ये खिडकीखालच्या बाकावर निजवलं,
कोमट पाण्याची बाटली उशाशी.
दर तासाला कुणीतरी दारातूनच विचारायचं,
"जोहरा, जागी आहेस?"
ती झोपेतूनच "हजर" म्हणायची.

जानेवारीत माझा घसा धरला.
पराग दारात आडवा उभा राहिला.
"बाई, दोन शिंका. नियम तुमचाच."
अरे, पण माझ्या रजा संपल्यात.
तो बाजूला झाला नाही, पण त्याची मान खाली गेली.
घरी थांबायला काय काय लागतं,
ते या वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी खुर्ची व्हरांड्यात टाकली.
नाकाला रुमाल बांधून खिडकीच्या गजांमधून
मी एकोणतीसचा पाढा घेतला.
एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न,
त्रिक...
आतून बेचाळीस जण अडखळले,
बाहेरून मीही.