भरतीच्या वेळापत्रकाखाली

क्लिफर्ड स्टेंटन मंगळवारी गेला,
ग्रिम्स्बीत, फ्रीमन स्ट्रीटच्या बसथांब्यावर, बसल्या बसल्या.
बस आली, दार उघडलं, मिटलं.
ड्रायव्हरला वाटलं, म्हाताऱ्याला जायचं नाहीये.

साडेसहाला फोन वाजला.
नाव न सांगणारा आवाज, पाठीमागे पबमधला हशा.
बुडालेल्या खलाशांच्या निधीचा खजिनदार ना तो?
बुधवारी हिशेब तपासणार होते म्हणे.
काय ते तुम्हीच समजा.

पोलीस म्हणाले, आमच्याकडे काही नाही.
निधीचा दुसरा विश्वस्त टेनेरिफला, सुट्टीवर.
त्याच्या घरी फोन लावायचा राहिला,
सव्वासात झाले होते, पान साडेसातला जायचं.
मॅल्कमने खुर्ची माझ्याकडे वळवली :
मेलेल्याची अब्रुनुकसानी होत नाही, कायदाच आहे तसा.
खरं होतं. परीक्षेत तेच लिहून मी मार्क मिळवलेले.
आमच्याकडेही म्हणतात,
मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.
खुराड्यातल्या बाकीच्यांबद्दल
म्हण काही बोलत नाही.

सोलापूरच्या दैनिकात मुद्रितं तपासायची मी, तेव्हा
'असे समजते' रोज हाताखालून जायचं.
कुणाला समजते, ते कधी छापलेलं नसे.
इथे त्याचा इंग्रजी भाऊ भेटला,
टाय लावलेला, तोही बिनबापाचा.
त्या रात्री त्याला मी तीनदा बसवला
आणि मथळ्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह.
ते माझं. मॅल्कमचं नाही.
ओळ एका अक्षराने अपुरी पडत होती,
म्हणूनही.

पैसे बँकेत होते. सगळे, सुट्ट्या पेनींसकट.
अकरा दिवसांनी दुसरा विश्वस्त
उन्हाने सोललेलं नाक घेऊन पासबुक दाखवायला आला.
खुलासा छापला आम्ही. पान चौदा,
भरतीच्या वेळापत्रकाखाली, तीन ओळी,
'गैरसमज झाला असल्यास'.
वेळापत्रक मात्र मिनिटापर्यंत ताडून घेतलेलं असतं,
दोघांच्या सह्या लागतात त्यावर.
चुकलं तर बोटी आपटतात.

गुरुवारी काउंटरवरची पॉलीन जेवायला गेली होती,
तिच्या जागी मी.
मॉरीन स्टेंटन आल्या.
मी आरडाओरड्याची वाट पाहत उभी राहिले.
त्यांनी पिशवीतून वीजबिलाचं पाकीट काढलं,
मागच्या बाजूला पेन्सिलीने मजकूर :
स्मरणाची छोटी जाहिरात. शब्दाला साठ पेन्स.
बोट ठेवत, पुटपुटत मोजत गेल्या.
'लाडका' खोडला. 'सदैव' खोडला.
आकडा एकच शब्द धरता ना?
हो, म्हणाले.
मग पेन्सिल थांबली.
'प्रामाणिक'... तोही साठच?

समोर यंत्र होतं, पावतीपुस्तक होतं.
राहू द्या, म्हणता आलं असतं.
प्रश्नचिन्ह कुणाचं, तेही सांगता आलं असतं.
साठच, म्हणाले.

नाणी एकेक करून मांडली त्यांनी.
जाताना दारातून परत फिरल्या.
स्पेलिंग कोण तपासतं?
मीच.
माझा चेहरा पाहिला त्यांनी, रंग पाहिला, आवाज हळू केला,
परक्या मुलीला शिकवावं तसं म्हणाल्या :
त्या शब्दातलं पहिलं अक्षर बोलत नाहीत, पोरी.
पण असतं ते.
गाळू नकोस.