तव्याजवळ फोन

चावडीच्या बाजारात शेवंती वेळीप म्हणाली,
"कणगां व्हर गे बाय, तांबडे मातयेचीं."
मी रताळी म्हणते, ती कणगां म्हणते,
वजन दोघींचं एकच : दोन किलो,
वर एक वाकडं, उंदरानं टोक कुरतडलेलं, फुकट.

उपासाला तूप-गुळात घातली
की ही शहाण्यासारखी वागतात.
तिखटाचं नाव काढलं की अडून बसतात.
परवा रश्शात टाकली तर विरघळूनच गेली,
रश्शाची लापशी झाली,
आणि साईशनं वाटी पुढे सरकवून विचारलं,
"आई, हे नक्की काय आहे?"
उत्तर माझ्याकडे नव्हतं.
मांजरानंही हुंगून सोडून दिलं.

म्हणून आज काप.
पातळ केले तर नुसते कुरकुरतात,
जाड केले तर मधे कच्चे, दाताला खडूसारखे.
मीठ, हळद, सोलांचं आगळ.
खोलची मिरची सकाळपासून भिजत घातलेली,
ती जिभेवर आधी नुसती दारात उभी राहते,
मग आत येते, मग जात नाही.
सोमवार, म्हणून लसणीऐवजी हिंग.
तिरफळाच्या बिया काढून नुसती सालं,
वाटलं सगळं मिक्सरवर,
पाट्यावर हल्ली कुंडी ठेवलीय.

उल्हास बोटीवर. सातवा महिना.
गॅलीत त्याचं काम सोलायचं :
सकाळी बटाटे, दुपारी रताळी, पोत्यानं.
तिथे म्हणे यांच्यावर साखर पेरतात, वर लोणी,
त्याच्यावर आणखी काहीतरी पांढरं, फुगणारं, गोड.
"म्हणजे दर्यात मीठ टाकायचं," तो म्हणतो.
चीक वाळून त्याची नखं काळी झालीत.
आज सोलून झाल्यावर मी माझी बोटं पाहिली.
काळी.
साबणानं घासली नाहीत.

साडेआठला फोन.
कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकलाय, तिथे अजून ऊन.
"काय करतेस?"
"काप."
"इसवणाचे?"
"सोमवार आहे."
"नीरफणसाचे?"
"झाड तुझ्या भावानं तोडलं, विसरलास?"
जरा वेळ पलीकडे नुसती इंजिनाची घरघर.
मग, कुणी ऐकेल अशा बेतानं हळू :
"कणगां? तिखट?"
"तिखट."
"फोन तव्याकडे ने."

नेला.
रव्यात घोळवून पहिला काप सोडला.
चर्र.
दुसरा.
चर्र.
तेल मनगटावर उडालं, हात हलवला नाही.
साईश म्हणाला, "आई, बाबा अडकले."
पडद्यावर उल्हास गोठलेला,
डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं,
घास घेताना की काही म्हणताना, कळेना.
ऐकू जात होतं की नाही, तेही कळेना.
तरी अकराच्या अकरा सोडले,
एकेक, मधे थांबून,
एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये म्हणून.
उलटतानाही फोन तसाच धरला.
पापणीवर वाफ, काचेवर वाफ.
मग फोन आपोआप काळा झाला.

साईशनं चार खाल्ले, मग आणखी तीन.
म्हणाला, "आधी तिखट लागतं, मग गोड."
"आणि उलटं असतं तर?"
"तर पहिलाच टाकला असता."
उरलेल्यातले तीन मी जेवताना खाल्ले,
शेवटचा डब्यात ठेवला, कुणासाठी कोण जाणे.

रात्री दीड वाजता संदेश :
"सात ऐकले. मग गेलं.
आठवा करपला का?"

उठले. दिवा न लावता डबा उघडला.
काप गार, रवा मऊ पडलेला,
तिरफळाचं एक साल दातांत आलं
आणि जीभ बधिर झाली,
इतकी, की कुणी समोर असतं
तरी मला नीट बोलता आलं नसतं.
फोनचा उजेड तेवढा ओट्यावर.
काळ्या नखांनी टाइप केलं :
"नाही. आठवा चांगला होता."