शिवणीतलं कापड

ऑपरेशननंतर बेचाळीस किलो गेले,
तेव्हा इतवारीतल्या नत्थूजींनी
माझे सगळे ब्लाऊज आत घेतले.
पाचव्या वर्षी सोळा परत आलेत.
दार कोणी उघडलं, विचारू नका.
तर्री-पोह्यांच्या ठेल्यावरून
मी अजून तोंड फिरवूनच जाते.

धंतोलीतले बोकारे, ज्यांनी पोट शिवलं,
म्हणाले, "आधी दुर्बिणीतून बघू
पिशवी ताणलीय का.
माझं काम तेवढं वाईट नव्हतं, हुमणेबाई."

रामदासपेठेतल्या डॉक्टर तस्नीमनी
खुर्ची जवळ ओढली.
"भूक म्हणजे बदमाशी नाही.
शरीर जुना आकडा विसरत नाही.
बीपीची गोळी घेताना लाजता का?
ही सुई आठवड्यातून एकदा.
खरं तर पाच वाढले तेव्हाच यायचं."

म्हातारे देवतळे, ज्यांची फी अजून ड्रॉवरमध्ये पडते,
चष्मा पुसत राहिले.
"घे. नाही म्हणत नाही.
पण थांबवशील केव्हा? थांबवल्यावर काय?
मला ठाऊक नाही.
ज्याला ठाऊक आहे त्यालाही विचार,
त्यालाही पुरतं ठाऊक नसेल."
मग उगाच माझी नाडी धरून बसले.

सोळा किलो कुठे लागलेत,
हे कोणीच विचारलं नाही.
जिन्यात लागलेत. चौथ्या पायरीवर,
जिथे वरच्या मजल्यावरच्या काकू थांबतात,
"एवढा पैसा घालून शेवटी..."
आणि पुढचं गिळतात.
त्यांना गिळता येतं.

मे महिना. सेहेचाळीस अंश.
बर्फाच्या थर्मासात सुई घालून
स्कूटीवरून घरी आणली,
दह्याच्या भांड्याशेजारी ठेवली,
आणि लाइट गेले.
तासभर फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिले,
कोणी उघडू नये म्हणून.
याच दाराला एकदा नवऱ्याने
माझ्यासाठी कुलूप आणलं होतं.

संध्याकाळी ब्लाऊज घेऊन इतवारीत.
नत्थूजींनी उलटा करून दाखवला:
दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड,
दुमडून आत. कापलंच नव्हतं.
"तुम्हाला ठाऊक होतं?"
"काय ठाऊक, बाई. आम्ही ठेवतोच."
ब्लेडने दोन टाके उसवले, थांबले.
"पूर्ण सोडू?"

सुई सोमवारी आहे.
"अर्धं," म्हटलं. "बघू."