दुरुस्त्या

पहिल्या वहीत वेरलीचा हात
पान सत्तेचाळीसवर तुटला
आणि अठ्ठेचाळीसवर बरा झाला.
मध्ये नुसता निळा उजेड.
कासवीण काहीतरी पुटपुटली, समुद्र सात पावलं मागे सरला,
बोटं परत आली, नखांसकट.
तेव्हा मी पंधरा वर्षांची होते
आणि माझी दहाच्या दहा शाबूत होती.

वेरली हे नाव एसटीच्या पाटीवरून उचललेलं.
कासवीण मात्र माझी स्वतःची:
पाठीवर तडे, तड्यांत शेवाळ,
आणि बोलणं एकदम तुसडं.

मेअखेर. तोंडवळीच्या वाळूवर
होडी वर ओढत होते सगळे.
मी दोराची गाठ सोडवत होते, विंचपाशी जयवंत.
मी ओरडले, रव!
जनरेटरच्या धडधडीत त्याला काय ऐकू आलं
ते त्याने अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

करंगळी गेली. आणि तिच्या शेजारची,
जिचं नावच अनामिका.

ओरोसला एकवीस दिवस.
मग दर मंगळवारी कुडाळ, रेगे मॅडम,
ताटात तांदूळ आणि कुळीथ एकत्र:
निवड, म्हणतात, उरलेल्या तिघांनी.
कुळीथ निसटतो. पलंगाखाली जातो.
आई भिरंडेल वितळवून चोळते, टाके होते तिथे तर फारच हळू,
जणू तिथे कुणी झोपलंय.
रात्री नसलेली करंगळी खाजते.
सांगा, कुठे खाजवू?

आणि जयवंत
मी भात कालवायच्या आत ताटावरून उठतो.

दुसरी वही डाव्या हाताने.
अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, ओळी खाडीकडे उतरत जाणाऱ्या.
या वहीत निळा उजेड नाही.
कासवीण वेरलीपुढे कुळथाचं ताट सरकवते.
वेरली ते भिरकावते. कासवीण म्हणते, आता वेच.
पलीकडच्या काठावर मगरशहाची फौज
तंबू ठोकून जांभया देते आहे,
कारण नायिकेला अजून
चिलखताचं एक बटण लावता येत नाही.
सोळा पानं झाली. युद्ध नाही.
मैत्रीण वाचून म्हणाली, लय स्लो आहे गं.
म्हटलं, हो ना.

अडले ते नावाड्यापाशी.
ज्याच्या हातून दोर सुटला, तो.
आधी त्याला फितूर केला. खोडलं.
मग वादळात मारून टाकला. तेही खोडलं,
त्या रात्री तर मला जेवणसुद्धा गेलं नाही.
शेवटी लिहिलं: नावाडी वल्हं उचलून म्हणाला,
आणि खाली अर्धं पान कोरं सोडलं.
तो काय म्हणाला असेल, मला खरंच माहीत नव्हतं.

वही खिडकीत राहिली, दोन दिवस.

परत उघडली तर समासात
पेन्सिलने, होडीवर नंबर घालतात तसल्या जाड अक्षरात:
वल्हां असां धरनत नाय. उजवो हात खाली.

आणि कोऱ्या अर्ध्या पानावर
काहीतरी लिहून रबराने घासलेलं.
कागद तिथे पातळ झालाय.
दिव्यासमोर तिरका धरला, खूप वेळ.
एवढंच लागलं: माका.
पुढचं नाही.

मी वल्हं दुरुस्त केलं.
उजवा हात खाली, डावा वर.
कोरं पान कोरंच ठेवलंय, माका सकट.

पान एकशे बारापर्यंत
वेरलीची बोटं आलेली नाहीत. येणार नाहीत.
बटण लागलं मात्र, एकशे नऊवर,
कासवीण त्या दिवशीही कौतुकाचं काही बोलली नाही.

काल पडवीत जाळं शिवत बसलेल्या त्याला विचारलं,
भरतीच्या वेळी
तीन बोटांच्या हाताने होडी वळवता येते का रे?
त्याने सुई थांबवली.
वारो बघूक व्हयो, म्हणाला,
आणि हात पुढे कर म्हणाला,
बघूया पकड कितपत आहे.