कूलरचं पाणी

पिवळं पडायला लागलं ते खिडकीखालून.
आधी ताटाएवढं, मग चटईएवढं.
मेच्या तिसऱ्या आठवड्यात
मनीषनगरच्या आमच्या लॉनला
कावीळ झाली.

मी युरिया टाकला. कडा करपल्या.
संध्याकाळी बादल्या ओतल्या. आणखी करपल्या.
शेजारचे भोयर म्हणाले, हुमणी असेल.
उपटून पाहिलं : मुळं घट्ट,
एकही अळी नाही.

फागोजी मसराम आले, फाटकाशी चपला काढून.
उकिडवे बसले. सळई खुपसली,
चार बोटंही आत गेली नाही.
मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली,
थुंकले, वर पाहिलं.
"कूलरचं पाणी इथंच सोडता काय जी?"

इथंच. रोज सकाळी.
बोअरचं, रात्रभर आटून आटून
टाकीच्या तळाशी उरलेलं,
वाळ्याच्या वासाचं.
वाया जाऊ नये म्हणून
मीच नळी लावली होती
आणि स्वतःवर खूश होतो.

नळी काढली. सब्बलीनं भोकं पाडली,
शेणखत चाळून भरलं.
नळाचं गोडं पाणी पहाटे, एकदाच, भरपूर,
खार खाली उतरेपर्यंत.
"आता कापू नका," फागोजी म्हणाले,
"आन् रोज रोज जाऊन
विचारू बी नका त्याले."

विचारत नाही.
फक्त पेपर आणायला जाताना
जरा लांबून जातो.
काल एका भोकाच्या कडेला
हरळीचं पातं दिसलं.
कुमुद म्हणाली, हे तर लव्हाळं.

असेल.
मी उपटलं नाही.